थांबलेल्या हृदयाची नाडी

देवळाबाहेर हार ओवणाऱ्या मालन गुरवचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा तिची बोटं तिचं ऐकेनाशी झाली होती. भूल देण्यात चूक झाली हे दिसत होतं, पण सिद्ध कोण करणार? मोफत कायदा केंद्रातल्या यामिनी पोतनीस वकिलांनी केस घेतली.

ग्राहक आयोगापुढे भूलतज्ज्ञ डॉ. सरपोतदार ताठ मानेनं उभे राहिले. "वकीलबाई, भुलीतलं तुम्हाला काय कळतं? मी पेशंटजवळून क्षणभरही हललो नाही. हा तक्ता बघा. दर पाच मिनिटांनी नाडी मोजून स्वतःच्या हातानं लिहिलीय."

तक्ता अगदी सुबक होता.

"भुलीतलं मला काही कळत नाही," यामिनीबाई म्हणाल्या, "म्हणून मी सर्जनचा कागद शेजारी ठेवून नुसत्या वेळा जुळवल्या. अकरा चाळीसला तुम्ही नाडी शहात्तर लिहिलीत. सर्जन लिहितात, अकरा चाळीसला हृदय थांबलं होतं आणि आम्ही छाती दाबत होतो. डॉक्टर, थांबलेल्या हृदयाची नाडी तुम्ही कुठे बसून मोजलीत?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

निकाल मालनच्या बाजूनं लागला. दुसऱ्या दिवशी ती गजरा घेऊन आली.

"फी घेत नाही म्हणालात, याला तरी नाही म्हणू नका. अख्खी सकाळ लागली बघा. गाठी सैल पडल्यात, बाई."

यामिनीबाईंनी गजरा लगेच माळला.

"पडू देत. प्रत्येक गाठीपाशी तुम्ही स्वतः हजर होतात."