पिळलेला वारा

एका राज्यात सगळेच दोर वळणारे होते, अगदी राजासुद्धा. सुटा काथ्या बोटाने तुटतो आणि तोच पिळला की जहाज बांधून ठेवतो, एवढी एक गोष्ट तिथल्या लहानथोरांना पक्की ठाऊक. त्यामुळे बारसं असो की राज्याभिषेक, आधी हातात काथ्या घ्यायचा आणि त्याला पीळ द्यायचा, अशी तिथली रीत होती.

त्या राज्यावर ईशान्येकडून एक वारा येई. दूरच्या बेटांवरून मालाची गलबतं तोच घरी आणी, म्हणून त्याला व्यापारी वारा म्हणत. वारा कसला, गुणी बैल होता. रोज त्याच वाटेने, त्याच चालीने येणार, ना घाई ना रुसवा. जाताना खलाशांनी किनाऱ्याकिनाऱ्याने वल्ही मारत जावं, येताना शिडं उघडून निवांत बसावं.

मेघशील राजाला हा निवांतपणा सोसेना. यायला महिना लागतो म्हणजे काय? भ्रमणक नावाचा जादूगार दरबारी आला, तेव्हा राजाने त्याला हुकूम केला, "पिळाने दोराला जोर येतो. माझ्या वाऱ्यालाही पीळ दे." दरबारात कोणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? सगळे जन्माचे दोर वळणारे, सगळ्यांना ते पटलं. आता काय बोलावं अशा शहाण्यांना!

भ्रमणकाने उबदार समुद्राच्या मधोमध एक नीलमणी ठेवला, त्याला वाऱ्याचं टोक बांधलं आणि उजवीकडून डावीकडे पिळायला सुरुवात केली. झालं त्याचं चक्रीवादळ. जोर आला, अफाट आला, पण सगळा गरगर फिरण्यात जाऊ लागला. उबदार पाण्याची वाफ पीत ते रोज फुगे. बंदरावरचे माड मोडले, छपरं उडाली. दूर बेटांच्या वाटेवर मात्र शिडाची चिंधी हलेना, आणि चाळीस गलबतं जागच्या जागी खिळली. त्यांच्यावर गोडं पाणी पाच दिवसांचं उरलं आहे, अशी बातमी कुरव नावाच्या बोलक्या समुद्रपक्ष्याने आणली.

त्यातल्या एका गलबताचा तांडेल होता सखोजी. त्याची बायको हौसा ही बंदरातली सगळ्यांत कसबी दोरवाली. बातमी ऐकून ती पोटभर रडली, मग पदर खोचून उठली आणि कुरवाला उपाय विचारू लागली.

कुरव म्हणाला, "कामं तीन आहेत. आधी त्याचं खाणं तोड. मग त्याच्या कलाने आत शीर. मग त्याचा पीळ सोड. मणी मात्र ठेवून घेऊ नकोस. जो ठेवून घेईल, तो जन्मभर त्याच्याभोवती फिरेल."

समुद्राच्या तळाशी थंडीची घागर होती. हौसाने दिवसभर खपून हजार हातांचा दोर वळला, घागर ओढून वर काढली आणि वादळाखाली उपडी केली. पाणी गार झालं, वादळाचा दम उणावला. पहिलं काम झालं.

मग ती होडीत बसली. वादळाला छातीवर घेतलं असतं तर होडीच्या काड्या झाल्या असत्या, म्हणून तिने नाव त्याच्याच रिंगणाला लावली. वादळ फिरेल तशी फिरत, दर फेऱ्याला वीतभर आत सरत ती निघाली. सुकाणू तिने सोडलं नाही. अशी ती वादळाच्या डोळ्यात पोचली. तिथे वारा नव्हता. वर निळं आभाळ, खाली घागरीच्या थंडीने गोठलेलं पाणी, मधोमध मणी, आणि त्याच्याभोवती स्वतः भ्रमणक फिरत होता. मणी त्यानेच ठेवून घेतला होता ना!

मण्यात हौसाला सखोजी दिसला. ओठ फुटलेले, शिडाकडे बघत बसलेला. भ्रमणक फिरता फिरता म्हणाला, "मणी घे आणि माझी जागा घे. हे वादळ तासाभरात त्याचं गलबत आणून देईल."

"आणि बाकीची एकोणचाळीस?"

"ती फुटतील."

हौसाचा जीव गलबलला. सरळ वारा पाच दिवसांत पोचवायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. पण त्या एकोणचाळीस गलबतांचे दोरही तिनेच वळलेले, प्रत्येक घरची बाई तिच्या ओळखीची. तिने मण्यावरची नजर काढली, आणि होडीतून गोठलेल्या पाण्यावर उतरून मण्याला बांधलेलं वाऱ्याचं टोक सोडवून हातात घेतलं.

दोर वळणारा नेहमी मागे मागे चालतो. हौसाही जन्मभर कामावर उलट्या पावलांनीच चालली होती, आणि सवयीने पहिलं पाऊल तिने मागेच टाकलं. पीळ आणखी घट्ट झाला. मग तिला उमगलं. टोक धरून ती तोंड पुढे करून, डावीकडून उजवीकडे चालू लागली. एकेक फेरा उलगडत गेला, मणी विरघळून समुद्रात गेला, आणि भ्रमणक भोवळ येऊन आडवा झाला. वारा मोकळा झाला आणि निमूटपणे आपल्या जुन्या वाटेला लागला.

पण वादळाने इतके दिवस प्यायलेलं पाणी कुठे जाणार? ते पाऊस होऊन कोसळलं, थेट चाळीस गलबतांवर. खलाशांनी शिडांच्या झोळ्या करून पिंपं भरली, मग तीच शिडं वाऱ्यावर चढवली.

महिन्याने चाळीसच्या चाळीस गलबतं ओळीने बंदरात शिरली. ढोल वाजले, बायकांनी ओवाळायला ताटं तयार ठेवली. मेघशील राजा सर्वांसमोर म्हणाला की चूक माझी, आणि दरवर्षी त्या दिवशी एक दोर उलगडून सुटा करायची नवी रीत त्याने घातली. पहिला दोर त्याने स्वतः उलगडला, तोंड पुढे करून चालत.

सखोजीने धक्क्यावर दोर फेकला. हौसाने तो झेलला आणि खुंट्याला बांधला.

"फार उशीर झाला गं," तो म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली. "सगळे आलात."