कळकाचा ट्रॅक्टर

"...मग चोवीस झाडं कापायचीच म्हणतूस?"

"कापावीच लागत्यात आत्या. त्याबिगर ट्रॅक्टर वळायचा कसा?"

आत्या मिसरी लावत हुती. बोट तोंडातच ठिवून तिनं सर्जेरावाकडं बघितलं. लय वेळ बघितलं...

आता सर्जेराव खाडे म्हंजे काय ऐरागैरा गडी न्हवं. बावीस वर्सं पलटणीत काढली, रणगाडा चालवला, सुभेदार हुन गावात आला. त्यो गल्लीतनं चालाय लागला की लोळत पडल्याली कुत्री सुदीक उठून उभी ऱ्हायची.

पर ह्या म्हातारीपुढं त्यो खाली मांडी घालून बसायचा.

का, तर त्याला पोरवयात औत धराय हिनंच शिकिवलं. तिचा नवरा लवकर गेला. तवा गावानं सांगितलं, बाईनं नांगराला हात लावला की पाऊस रुसतो. हिनं लावला. पाऊस काय रुसला न्हाई, गाव तेवढं रुसलं. दोन वर्सांनी तेच गाव दारात आलं, आत्या, रानात पेरण्याजोगी वल हाय का जरा बघून सांगता का. तवाधरनं रानातलं काय बी आडलं की मानूस माळावर गोसाव्याच्या मठीत ऱ्हाणाऱ्या आत्याकडं यायचं.

सर्जेराव मात्र विचारायला आला न्हवता. त्याचं समदं ठरल्यालं हुतं. त्याला आत्याचा नुसता होकार पायजे हुता, बायकूला दाखवायला.

"केवढा घेतुयास?"

"पंचावन घोड्यांचा. पंचक्रोशीत येवढा कुणाकडं न्हाई. दसऱ्याला दारात उभा करतो."

"आन् रान?"

"नऊ एकर. सहा तुकडं."

आत्यानं बोटावर हिशेब केला. "म्हंजे एका तुकड्यात नऊ घोडी. त्यास्नी लोळायला तरी जागा ठेव की रं."

सर्जेरावानं हसायचं टाळलं.

"मला समदं कळतंय आत्या. म्या टेप लावून मापलंय. डाळिंबाच्या बागेत बुंध्यापासनं बुंध्यापातुर बारा फूट. ट्रॅक्टर सहा फूट. आरामात जातंय. आडतंय ते टोकाला. बारा वळी हायत, दर वळीचं दोन्ही टोकाचं एकेक झाड काढलं की मोकळं वळतंय. चोवीस झाडं. उद्या सकाळी कटरवाला येतोय."

"सिंधू काय म्हणती?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजे?"

"तीन दिस झालं, बोलंना. भाकरी थापती, पुढ्यात ठिवती. पर थापताना आवाज लय करती."

आत्यानं चूळ भरली. ती बाग सिंधूनं लावलेली. हा तिकडं सरहद्दीवर, आन् ही हिकडं उनातानात. गावाला ठावं हुतं ते. सर्जेरावाला बी ठावं हुतं, पर ठावं असणं निराळं.

"तुमी तिला सांगा, आत्या. तुमचं ऐकती ती."

"सांगती की..." आत्या गुडघ्यावर हात ठिवून उठली. "मठीच्या उत्सवाच्या मांडवाचं बांबूचं कळक पडल्यात मागं. चार उचल. सुतळी बी घे. चल बागेत."

"कळक कशाला?"

"तुला होकार पायजे ना? मग उचल की."

* * *

बागेत सिंधू बुंध्याचं फुटवं काढत बसली हुती. नवऱ्याच्या खांद्यावर कळक बघून तिनं तोंड फिरवलं. आत्या दिसली तशी पदर सावरून उभी ऱ्हायली.

"बरं झालं गावलीस. सर्ज्या, लांबी सांग तुझ्या ट्रॅक्टरची. मागं माती फोडत फिरणाऱ्या रोटरसकट."

"पंधरा फूट."

"फूट माझ्याकडं न्हाई. कोपर हाय. हातात सांग."

"धा हात. रुंदीला चार."

धा हात लांब, चार हात रुंद. आत्यानं कळक जमिनीवर ठिवून सुतळीनं चारी कोपरं आवळून बांधलं. बाज इणायच्या आदी असती तसा सांगाडा झाला.

"शिर आत. फुडं तू. मागं सिंधू. तू ट्रॅक्टर, ही रोटर."

सर्जेरावानं आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या कांद्यात सात-आठ बाया खुरपत हुत्या.

"आत्या, लोकं..."

"रणगाड्यातनं लोकं दिसायची न्हाईत व्हय?"

शिरला बिचारा. सांगाडा कमरेएवढा उचलला. मागं सिंधूनं मुकाट्यानं आडवा कळक धरला.

"ऐक. तिरका करायचा न्हाई, उचलून वर घ्यायचा न्हाई. बाजूला सराय त्यो खेकडा न्हाई. फुडं न्हाईतर मागं. चल, चालू कर."

सर्जेराव चालाय लागला.

"चालू कर म्हटलं."

"चालतोय की."

"आवाज कुठाय? मला म्हातारीला कळायचं कसं, चालू हाय का बंद?"

सर्जेराव कानापातुर लाल झाला. पर गुरूचा शब्द. सुभेदार सर्जेराव खाडे यांनी भर बागेत हळूच सुरुवात केली... "भुर्रर्र..."

कांद्यातली एक बाई उठून उभी ऱ्हायली. मग दुसरी. मग समद्याच.

पयली वळ. चार पावलं गेली न्हाईत तर डावीकडनं फांदी खसकन घासली. उजवीकडनं दुसरी. लिंबाएवढी फळं लागल्याली, फांद्या वझ्यानं वाकून वळीत आल्या हुत्या. टप्... टप्... दोन फळं खाली.

"बारा फूट हाय म्हणला हुतास ना?"

"बुंध्यापासनं बुंध्यापातुर हाय की."

"मग बुंधं जाग्यावरच हायत. तू बिनघोर चल."

टप्... टप्... मागनं सिंधू मोजत असावी. त्यानं मान वळवली न्हाई, पर त्याला ते पाठीत कळत हुतं.

वळ संपली. फुडं दगडी बांध. सर्जेरावानं डावीकडं वळायला घेतलं. फुडचा कळक बांधाला, मागचा झाडाला. मागं घेतला. फुडं घेतला. पुन्ना मागं. पुन्ना फुडं. सात डाव झालं. घाम निघाला, पर सांगाडा काय वळला न्हाई.

"म्या हेच सांगतोय ना मगापासनं," त्यो म्हणला. "हे टोकाचं झाड मधी येतंय. म्हणून तर कापायचं."

"आन् आता झाड हाय. मग काय करशील?"

"ट्रॅक्टर असा आडत नसतो, आत्या. झाडाला भीत न्हाई त्यो. पाडून जातो."

"मग पाड."

"...काय?"

"पाड की. ट्रॅक्टर तूच हायस. उद्यापातुर कशाला थांबतूस? कटरवाल्याचा येळ वाचंल."

सर्जेराव गडी जिद्दीचा. भुर्रर्र करत त्यानं खांदा लावला. सांगाडा झाडावर रेटला. झाड वाकलं. एक फांदी कडकड बोलली. त्यानं आणखी रेटायला पाय रोवला, आन् त्याची नजर खाली गेली.

बुंध्याला लागून मातीतनं एका मडक्याचं तोंड वर आलं हुतं. फुटकं. आत वाळलेली पानं.

"हे काय गं?"

सिंधू तीन दिसांनी बोलली. "मडकं."

"ते दिसतंय. हितं कशाला?"

"झाडं ल्हान हुती तवा पुरलं. वड्याचं पानी आनून वतायचं, मग ते मुळाला झिरपत ऱ्हायचं. उन्हाळाभर."

"ह्या झाडाला?"

"ह्याच झाडाला कशाला? समद्यांस्नी. दोनशे चाळीस."

सर्जेरावानं वळीकडं बघितलं. पयल्या झाडाच्या बुंध्याशी एक काळं गोल तोंड. दुसऱ्याच्या बी. तिसऱ्याच्या बी. टेप लावून मापलं तवा त्यो ह्याच बुंध्यापाशी वाकला हुता. तवा त्याला आकडं दिसलं, मडकी दिसली न्हाईत.

त्यो तसाच उभा ऱ्हायला...

"सर्ज्या," आत्या बांधावरनं म्हणली, "बंद पडला व्हय रं? आवाज यीना."

त्यानं सांगाडा हळूच मागं घेतला. झाड सावकाश सरळ झालं.

"व्हय आत्या," त्यो म्हणला. "बंद पडला."

कांद्यातल्या बाया हसल्या न्हाईत. का कुणाला ठावं.

* * *

आत्यानं कमरंचा कोयता काढला आन् सिंधूच्या हातात दिला.

"कळक काप."

"किती कापू?"

"मला काय ठावं? झाडं तुझ्या वळकीची."

सिंधू टोकाला गेली, बांध आन् झाड ह्यांच्या मधी. दोन्ही हात पसरून उभी ऱ्हायली. मग पसरल्या हातानं हळूहळू जाग्यावर एक गिरकी घेतली. बोटं बांधाच्या दगडाला टेकली न्हाईत, पानाला बी न्हाईत. मग वळीत आली, दोन्हीकडची फळं कोपरानं जोखली. तिनं कळकाला धुळीनं खुणा केल्या आन् कोयता चालवला. सपासप. एका दमात.

सांगाडा पुन्ना बांधला. सात हात लांब, अडीच हात रुंद.

सर्जेराव सवयीनं फुडं शिराय गेला.

"तू मागं," आत्या म्हणली.

"मी रोटर?"

"का? फिरता यीना व्हय?"

सिंधू फुडं शिरली. सर्जेराव मागं. तिनं एक डाव खाकरून घसा साफ केला. आन् मग तिच्या तोंडातनं असा दणदणीत भुर्रर्र निघाला की कवठावरची साळुंकी उडाली.

पयली वळ. पान हाललं न्हाई.

टोक आलं. सर्जेरावानं कळक घट्ट धरला. सिंधू वळली... आन् वळलीच. एका झटक्यात, बांधाला न खेटता, झाडाला न शिवता. दुसऱ्या वळीत तोंड.

"बेस," कांद्यातनं कोणतरी म्हणलं.

तिसरी वळ. चवथी. सिंधूचा वेग वाढला. पाचवीला ती पळाय लागली. मागनं रणगाड्याचा सुभेदार धापा टाकत, लटपटत, तिच्या मागं खेचला जातोय. बाया खुरपी टाकून बांधावर आल्या. आठवीला त्यांनी आकडा म्हणाय सुरुवात केली. नऊ... धा... अकरा...

बाराव्या वळीच्या टोकाला सिंधू गर्रकन वळून थांबली. केस सुटलं हुतं. तोंडावर घाम, आन् घामात हसू. सर्जेरावानं वळून समद्या बाराच्या बारा वळींकडं बघितलं. खाली पडल्यालं एक बी फळ न्हवतं, पयल्या वळीतली मगाचीच काय ती.

आन् त्यो सुदीक हसाय लागला. पोट धरून. पलटणीतनं आल्याधरनं गावानं त्याला असं हसताना बघितलं न्हवतं.

"आत्या, ह्या मापाचा येतो. वीस घोड्यांचा. शोरूमच्या कोपऱ्यात उभा हुता. म्या त्याच्या बॉनेटवर टिचकी मारून फुडं गेलो."

त्यानं खिशातनं मोबाइल काढला आन् कटरवाल्याला तिथंच सांगितलं, उद्या येऊ नगंस. परवा बी नगंस.

सिंधूनं ते ऐकलं. बोलली काय न्हाई. पर पयल्या वळीत मगाशी पडल्यालं एक कच्चं डाळिंब उचलून आनलं आन् त्याच्या पाठीत मारलं. बरं वाटलं त्याला.

मग त्यो आत्याजवळ बांधावर टेकला. पलटणीचा मानूस, शंका आली की विचारल्याबिगर झोप यायची न्हाई.

"पर आत्या, खालचं काळं रान? हराळी माजलीय. तितं खोल नांगरट लागती. वीस घोड्यांनी ते उलथायचं न्हाई."

"किती डाव लागती?"

"तीन वर्सांतनं एक डाव."

"किती दिस?"

"दोन."

"बारशाच्या जेवणाला गावची कढई आणतूस. म्हणून रोजचं कालवण कढईत शिजवतूस व्हय?"

सर्जेरावानं मान हालवली. गावात नांगरटीपुरतं मोठं ट्रॅक्टर दोन हुतं. दोन दिस भाड्यानं सांगितलं की काम भागलं.

पर त्याच्या मनात आणखी एक काटा हुता. निघंना.

"आत्या..."

"आता काय?"

"गाव काय म्हणंल? रणगाडा चालवल्याला मानूस. त्यानं ह्या एवढ्याशा ट्रॅक्टरवर बसायचं?"

आत्यानं बागेकडं बघितलं. काम कवाच संपलं हुतं, तरी सिंधू सांगाडा घिऊन पुन्ना पयल्या वळीत शिरली हुती. मागं रोटर म्हणून दोन खुरपणाऱ्या बाया. तिघींचा भुर्रर्र माळापातुर जात हुता.

आत्यानं मिसरीची डबी उघडली. बोटावर चिमूटभर घेतली. मग त्याच्याकडं न बघताच म्हणली,

"तुला कोण बसू देतंय?"