शालनची घडीची सायकल

आमच्या गल्लीत शालन नावाची पोर होती, कधी मान वर करून न बोलणारी. तिला एमआयडीसीत शिलाईचं काम लागलं, पण बस फाट्यावरच सोडायची आणि पुढं उन्हातान्हात लांब चालावं लागायचं. म्हणून घडी करून बसमध्ये नेता येईल अशी स्वस्तातली सायकल घ्यायला ती बाबूराव शिरोळ्यांच्या दुकानात गेली. सोबतीला मी होते.

बाबूराव म्हणजे बाजारातलं मोठं प्रस्थ. पोरीनं कोपऱ्यातल्या साध्या सायकलवर हात ठेवला, तसे ते भरल्या दुकानात मोठ्यानं हसले.

"अगं, ती कसली घेतेस? चारचौघांत लाज वाटंल! ही परदेशी बघ, एका बोटावर उचलते."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शालनचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही रडत बाहेर पळणार. पण जमिनीकडं बघतच तिनं विचारलं, "काका, कारखान्यात सायकल आत घेत नाहीत, गेटबाहेर ठेवावी लागते. ही परदेशी तिथं दिवसभर राहील का?"

"खुळी का काय! घटकाभरात कुणीतरी उचलून नेईल."

"आणि ती कोपऱ्यातली?"

"तिला कुत्रंसुद्धा विचारणार नाही!"

"मग तीच द्या, काका. मला सुटी झाल्यावर घरी यायचंय."

दुकानात पुन्हा हशा पिकला, पण या खेपेला बाबूरावांवर. ते खाली मान घालून सायकल पुसायला लागले आणि पोरीच्या नजरेला नजर देणं काही त्यांना जमेना.