सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड

महाराजांनी पासवर्ड बोलला की उघडणारा कॉम्प्युटर आणला आणि तो दरबारातल्या चिमाबाईंच्या ताब्यात दिला, तेव्हा प्रधान भुजंगरावांचा नुसता जळफळाट झाला. भरदरबारात इंटरनेटचे धोके सांगून झाल्यावर ते गरजले, "बाईंच्या पोटात पासवर्ड राहायचा नाही! मी आजच कॉम्प्युटर उघडून दाखवतो."

"मीच सांगते की! 'चिमाबाई माझ्यापेक्षा हुशार आहेत,'" चिमाबाई म्हणाल्या. कॉम्प्युटर लगेच उघडला. त्यांनी तो पुन्हा बंद केला. "आता तुम्ही म्हणा, प्रधानजी."

भुजंगरावांनी तोंड उघडलं. शब्द घशाशी आले, चेहरा लालबुंद झाला आणि तोंड पुन्हा मिटलं.

महाराज म्हणाले, "अहो, पण पासवर्ड सगळ्या दरबाराला कळला!"

"कळू दे, महाराज. ज्यांच्यापासून जपायचा, त्यांच्या तोंडून तो जन्मात निघायचा नाही."