शंखपूरची तेलशाळा

फार पूर्वी शंखपूर नगरात राजा यशोमित्राचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व त्या नगराच्या तेलशाळेचा अध्यक्ष होता. नगरातल्या प्रत्येक घरी दिव्याचे तेल याच शाळेतून जाई. दुसऱ्या कोणी तेल विकले तर त्याचे बुधले जप्त होत. शाळेचे गडी दिवस मावळायच्या आत कावडी घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि पळीने तेल घालत. माप खोटे नसे, पण तेल मात्र फार धुरकट. लोक कुरकुरत, डोळे चोळत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच तेल घेत. न घेऊन जाणार कुठे?

एके दिवशी मणिरथ नावाचा व्यापारी राजसभेत आला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, मलाही तेल विकायची मुभा द्या. राजमार्गावरच्या घरांना मी निर्मळ तेल देईन, तेही स्वस्त."

"आणि टेकडीवरच्या कोष्टीवाडीला?" राजाने विचारले.

"तिथली चढण फार, महाराज, आणि खपणार घरागणिक दोन पळ्या. तेवढं तेलशाळेनं बघावं."

सभेच्या मागच्या बाजूला उत्पला नावाची कोष्टीण उभी होती. तिचे घर कोष्टीवाडीतले अगदी शेवटचे. दिवसभर ती अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा करी आणि दिवा लागला की मागावर बसे. त्या दिव्यावरच घरातली चूल पेटे. व्यापाऱ्याचे बोलणे ऐकून ती गर्दीतून दोन पावले पुढे सरकली. मोठी घरे निघून गेल्यावर नुसत्या चढणीसाठी तेलशाळा किती दिवस टिकेल, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होते.

बोधिसत्त्वाशेजारी शाळेचा कारभारी भद्रजित बसला होता. तो कानाशी लागला. "नाही म्हणा, अध्यक्ष. लोक फुटले तर शाळा बुडेल. वाडवडिलांचं पद जाईल, डोक्यावरचं मानाचं छत्रही जाईल."

बोधिसत्त्व उठून उभा राहिला. "महाराज, मुभा द्यावी."

भद्रजिताने कपाळावर हात मारून घेतला. मणिरथ तर हसू लपवायलाच विसरला.

"मात्र नियम एक," बोधिसत्त्व पुढे म्हणाला. "जो तेल विकेल त्यानं रोज नगरातल्या शेवटच्या घरापासून सुरुवात करावी. कोष्टीवाडीच्या दारी गेल्याशिवाय राजमार्गावर बुधला उघडू नये. कोणाचं तेल घ्यायचं ते ज्या त्या घरानं ठरवावं. आमच्या शाळेलाही हाच नियम."

मणिरथाचे हसू मावळले. पण राजमार्गाचा मोह मोठा. त्याने मान डोलावली, आणि राजाने आज्ञा काढली.

पहिल्याच दिवशी उन्हे कलताना दोन्हींकडच्या कावडी उत्पलेच्या दारात टेकल्या. बोधिसत्त्वही वर चढून आला होता. उत्पलेने उंबऱ्यावर दोन पणत्या मांडल्या. एकीत शाळेचे तेल घातले, दुसरीत मणिरथाचे, आणि वाती पेटवल्या. शाळेच्या पणतीतून काळी रेघ वर चढली. दुसरी स्वच्छ जळत राहिली.

"अध्यक्षमहाराज, राग मानू नका," ती म्हणाली. "तुमच्या दिव्यापाशी पांढरं सूत काळं पडतं. धुऊन धुऊन माझे हात सोलवटले. पण सांगायचं कुणाला? दुसरं तेलच नव्हतं." आणि तिने मणिरथाच्या गड्यापुढे आपले भांडे धरले.

शाळेच्या गड्यांनी माना खाली घातल्या. बोधिसत्त्वाला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठा आनंद झाला. तो म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांत हे आमच्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं. फार बरं झालं."

शाळेत परतताच त्याने धुराचे कारण विचारले. गड्यांनी रांजणांकडे बोट दाखवले. नगराच्या तेलाचा रांजण रिता होणे अशुभ, अशी शाळेची समजूत होती. म्हणून रांजण कधीच उपसले जात नसत. जुन्यावर नवे तेल ओतले जाई, आणि तळाशी हातभर खवट गाळ साचला होता. बोधिसत्त्वाने स्वतः दर वर्षी त्या रांजणांना हळदकुंकू वाहिले होते. आत डोकावून मात्र कधी पाहिले नव्हते.

पहिला रांजण त्याने आपल्या हातांनी आडवा केला. भद्रजिताने डोळे गच्च मिटून घेतले. अनर्थ काही झाला नाही, नुसती घाण सुटली. मग सगळे रांजण राखेने घासले, कढत पाण्याने धुतले आणि उन्हात वाळवले. घाण्याला नवे तीळ लागले.

पंधरवड्याने शाळेची कावड टेकडी चढली, तेव्हा उत्पलेने पुन्हा दोन पणत्या लावल्या. धूर कुठल्याच पणतीला नव्हता. या वेळी तिने शाळेचे तेल घेतले. दुसऱ्या दिवशी, ज्याने जन्मात पालखीतून खाली पाय ठेवला नव्हता तो मणिरथ धापा टाकत तिच्या दारी आला.

"बाई, माझ्या तेलात काय उणं?"

"तेल चांगलंय, शेठ. पण तुमचे गडी उशिरा येतात, अन् वर आमच्यावरच खेकसतात."

"उद्यापासून वेळेवर येतील. गोड बोलतील. मी शब्द देतो."

ठेंगणे दार ते. एका बाजूला शाळेच्या कावडीबरोबर आलेला तेलशाळेचा अध्यक्ष वाकून उभा, दुसऱ्या बाजूला नगरातला सर्वांत धनाढ्य व्यापारी. उत्पलेने दोघांकडे पाहिले आणि पदराला हात पुसत म्हणाली, "बघू उद्या."

सारी कोष्टीवाडी खदखदून हसली. पोरीबाळी टाळ्या पिटू लागल्या, म्हातारे माग सोडून बाहेर आले. त्या दिवसापासून शंखपुरात दिवे टेकडीवर आधी लागत आणि उजेड तिथून खाली उतरत जाई. राजवाड्याला सर्वांत शेवटी तेल मिळे. राजा यशोमित्र गच्चीवर उभा राहून ते पाही आणि परदेशच्या दूतांना अभिमानाने दाखवी.

ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. मणिरथ म्हणजे परवा आजारी भिक्षूंसाठी स्वतः औषध घेऊन आलेला श्रेष्ठी. उत्पला म्हणजे विहाराच्या वाटेवर सूत कातणारी ती म्हातारी, जी भिक्षा घालताना भिक्षूंच्या चुकाही सांगते. आणि तेलशाळेचा अध्यक्ष मीच होतो. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याला ती सोय आपले पद पणाला लावून करून देणे, ही करुणा. त्या जन्मी मी ती शिकलो, एका कोष्टिणीच्या उंबऱ्यावर."