पंगतीतलं कोरं पान

"बरं, एकवीस नको. अकरा दिवस तरी?" निनादने विचारलं.

भानुबुवा मेथी निवडत होते. त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

"नुसत्या पाण्यावर?"

"नुसत्या पाण्यावर."

"हं..."

आणि पुन्हा मेथी.

निनाद पुण्याहून दोन तास बाइक हाणत आला होता. नीरेच्या काठावरच्या या मठात पूर्वी लोक पाण्यावर राहून, तोंडातून शब्द न काढता अनुष्ठान करायचे, असं त्याला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. त्याला वाटलं होतं, दाढी असेल, भस्म असेल, डोळे मिटलेले असतील. तर बुवा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. अंगात बंडी, नाकावर चष्मा, मांडीवर परात.

तरी निनादने सुरुवात केलीच. बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

म्हणजे बुवा, मला हलक्यात घेऊ नका, असा त्याचा सगळा सूर. वजन एकशे चार आहे हे खरं, पण उपाशी राहण्यात आपला अनुभव दांडगा आहे. पीठ, भात, साखर सगळं बंद करून झालंय. दिवसातले सोळा तास तोंड शिवून झालंय. एकदा तर पंधरा दिवस नुसत्या दुधीच्या रसावर काढलेत. लोकांना एक एकादशी निभत नाही आणि आपण पंधरा दिवस... दुधी.

"उतरलं?" बुवांनी विचारलं.

"उतरलं की. सहा किलो."

"मग?"

"मग..."

निनादने मानेवरचा घाम पुसला.

"परत आलं."

बुवा हसले नाहीत. त्यांनी जुडी संपवली, परात खाली ठेवली, हात झटकले.

"हा उपास कुणासाठी करायचाय?"

आता हे निनादने ठरवून आणलंच नव्हतं. वजनाचं बोलू, उपासाचं बोलू, बाकी कशाला. पण बुवा नुसते बघत बसले. घाई नाही, काही नाही. स्टँडवर गाडी लावलीय आणि सुटायला अजून वेळ आहे, असं.

"बहिणीसाठी," तो म्हणाला.

आणि मग सगळं बाहेर आलं.

गेल्या वर्षी त्याच्या वडिलांचं यकृत निकामी झालं. घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, दुसरा रस्ता नाही. निनाद थोरला, रक्तगट जुळला, त्याने छाती ठोकून सांगितलं, मी देणार. तपासणी झाली. त्याच्याच यकृतावर चरबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, तुमच्या बाबांची तब्येत अजून तीन महिने दम धरेल, तेवढ्यात दहा किलो उतरवा, चरबी जाईल. आणि त्यांनी एक कागद दिला. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर. एक भाकरी. वाटीभर डाळ नाहीतर उसळ. वेळच्या वेळी. पोट गच्च व्हायच्या आत थांबायचं. जेवण झालं की थोडं चालायचं.

निनादने कागद उलटा करून पाहिला होता. मागे काहीच नव्हतं.

"एवढंच?" त्याने बाईंना विचारलं होतं. खरं तर हसून विचारलं होतं.

बाबांच्या जिवाचा प्रश्न, आणि उत्तर काय, तर भाजी-भाकरी? शोभतं का? म्हणून मग तो दुधी. सोळाव्या दिवशी सहा किलो उतरल्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर गेला आणि मित्रांनी त्याला मिसळ खायला नेलं. नंतरच्या आठवड्यात काय काय खाल्लं ते त्यालाही आठवत नाही. भूकच अशी लागायची की ताटासमोर बसला की माणसं दिसायची नाहीत.

मग आई नवस बोलली. सोमवार, गुरुवार, शनिवार, मायलेक दोघांनी उपास धरायचा. निनादला ते एकदम पटलं. त्याग कसा, दिसला पाहिजे. आता उपास म्हटल्यावर आई पोराला उपाशी कशी ठेवेल? सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप. दुपारी बटाट्याचा कीस, वरी, दाण्याची आमटी. चारला राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी तुपात परतलेले रताळ्याचे काप, साखर भुरभुरून. प्रत्येक वाटी पुढे करताना आई म्हणायची, घे, हे उपासाला चालतं.

उपासाला चालत होतं. यकृताला चालतंय का, हे दोघांतल्या कुणीच विचारलं नाही.

तीन महिने झाले. काटा होता तिथून एक किलो पुढे. डॉक्टरीणबाईंनी नवी तपासणी पाहिली, आणि फाइल मिटली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं निनादला अजून वाटतं.

बाहेर बाकावर केतकी बसली होती. त्याची बहीण, पाच वर्षांनी धाकटी. पाठीवर दोर टाकून कडे चढणारी, दर रविवारी कुठल्यातरी सुळक्यावर. उन्हाळ्यात हिमालयात गिर्यारोहण शिकायला जायचं तिचं पक्कं झालं होतं. सॅकसुद्धा भरून ठेवलेली. ती आत गेली आणि म्हणाली, माझी तपासणी करा.

बाबा वाचले. आता गच्चीवर फेऱ्या मारतात.

केतकीच्या पोटावर मोठा आडवा व्रण आहे. कडे बंद. पुढे कधी, किती, ते डॉक्टर बघू म्हणतात. सॅक माळ्यावर गेली. ती एका अक्षराने बोलली नाही त्याला. उलट जेवताना म्हणायची, दादा, घे ना, कोशिंबीर मी केलीय.

तेच निनादला सहन झालं नाही. चार महिने झाले, तो तिच्यासमोर ताटावर बसलेला नाही. नाश्त्याला केतकी समोर येईल म्हणून सकाळी कुणी उठायच्या आत बाहेर पडतो, ऑफिसखालच्या गाडीवर उभ्याउभ्या चार वडे खातो. रात्री कॅन्टीनमध्येच काहीतरी. म्हणून तर एकशे चार.

"मला काहीतरी कडक द्या, बुवा," तो म्हणाला. "अंगाला लागेल असं. ते केलं की मग मी तिच्यासमोर बसू शकेन."

"तिनं मागितलंय?"

"नाही."

"हं..."

आत कुणीतरी पितळी ताटावर पळी वाजवली. साडेअकरा. बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले.

"चल. पंगत बसली."

"माझा उपास सुरू झालाय. आजपासूनच धरलाय मी."

"नको जेवूस. बस नुसता."

पंगत म्हणजे पंधरावीस माणसं. बरीचशी म्हातारी. निनादला बुवांच्या शेजारी पाट मिळाला, समोर पत्रावळ आली. वाढपी आला, निनादने पत्रावळीवर हात आडवा धरला. वाढपी पुढे गेला. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, काकडीची कोशिंबीर, शेवटी ताक. लसणाच्या फोडणीचा वास थेट निनादच्या नाकात शिरला. पण त्याने मान ताठ ठेवली. बघा म्हणावं.

श्लोक झाला.

कुणीच जेवेना.

निनादने इकडेतिकडे पाहिलं. सगळे हात मांडीवर. सगळ्या माना खाली. त्याला वाटलं, अजून काही म्हणायचं राहिलं असेल. मिनिट गेलं. दोन गेली. आमटीवरची वाफ विरत चालली.

"काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

पलीकडच्या म्हाताऱ्याने सांगितलं, इथली रीत आहे. पंगतीत एकाचंही पान कोरं असेल तर कुणी घास उचलायचा नाही.

"अहो, पण माझा उपास आहे," निनाद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुम्ही करा सुरुवात. माझी काळजी नको."

कुणी हललं नाही.

समोरच्या रांगेत शेवंताकाकू होत्या, मठात भाकऱ्या थापणाऱ्या. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाऊन परत येत होती. शेजारच्या बाईने कुजबुजत विचारलं, गोळी घेतलीत का, तर त्यांनी होकारार्थी मान डोलावली. शुगरची गोळी. घेतली की लगेच जेवावं लागतं. त्यांनी एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता. निनादने पाहिलं, तो थरथरत होता.

"काकू, तुम्ही तरी खा."

"तुझं वाढून होऊ दे, राजा," त्या म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या. राग नाही, काही नाही.

निनाद बुवांकडे वळला.

"हे काय आहे, बुवा? उपास माझा आहे ना?"

बुवा आपल्या पानाकडे बघत होते.

"उपास तुझा," ते म्हणाले. "भूक आमची."

...

 निनादला ते हॉस्पिटल दिसलं, तो बाक दिसला, उठून आत जाणारी केतकी पाठमोरी दिसली.

त्याने पत्रावळीवरचा हात काढला.

"वाढा," तो म्हणाला. वाढप्याने वळून पाहिलं. "वाढा मला."

पहिला घास पंगतीने एकदमच उचलला. शेवंताकाकूंनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, आणि जरा वेळाने त्यांचा हात स्थिर झाला. निनाद तो हातच बघत होता. आपलं पान त्याने मग रिकामं केलं, आणि नेहमीसारखं भराभर केलं. वाढपी भाकरीची टोपली घेऊन समोर उभा राहिला. निनादचा हात सवयीने पुढे गेला.

"भूक आहे?" बुवांनी विचारलं.

इतका साधा प्रश्न. घरी आई विचारायची, अजून एक वाढू का. मोबाइलमधलं कॅलरी मोजणारं अ‍ॅप सांगायचं, अजून किती खायचं उरलंय. मित्र म्हणायचे, आज सोड रे. भूक आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यानेही नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मग थांब जरा."

वाढपी पुढे गेला. निनाद ताक प्यायला, हळूहळू. बाकीची माणसं जेवत होती, कुणीतरी दोडक्याला नावं ठेवत होतं, कुणी पावट्याची आठवण काढत होतं. टोपली फिरून परत आली तेव्हा निनादने स्वतःच्या पोटाला विचारून पाहिलं. भूक नव्हती. कधी गेली तेही कळलं नव्हतं.

त्याने मान हलवली. नको.

एवढंच.

एवढंच होतं... आणि त्याचा हात पानातच राहिला. एक भाकरी. भाजी, कोशिंबीर. वाटीभर आमटी. पोट गच्च व्हायच्या आत थांबायचं. नव्वद दिवस मिळाले होते त्याला, आणि नव्वद दिवसांत रोज फक्त इतकं करायचं होतं. कुणाला दिसलंही नसतं. कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. केतकी हिमालयात गेली असती.

हात धुऊन तो ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. बुवाही आले. निनाद नदीकडे बघत होता. नदीत पाणी कमीच होतं. दोन म्हशी डुंबत होत्या.

"आता उतरवून काय उपयोग, बुवा?" तो शेवटी म्हणाला. "वेळ गेली."

तो वाट बघत होता. हे वाक्य त्याने घरी सगळ्यांना म्हणून पाहिलं होतं. आई म्हणाली होती, देवाच्या मनात तसंच होतं. बाबांनी नुसतं पाठीवर थोपटलं होतं. केतकी म्हणाली होती, वेडा आहेस का, सोड ते. प्रत्येकाने काही ना काही समजूत घालून त्याला मोकळं केलं होतं.

बुवांनी मान डोलावली.

"गेली," ते म्हणाले.

...

निनादने चेहरा दोन्ही हातांत धरला. बराच वेळ त्याचे खांदे हलत राहिले. बुवांनी पाठीवर हात ठेवला नाही. उठूनही गेले नाहीत.

म्हशी बाहेर आल्या. त्यांच्या मागे पाणी गढूळ झालं, मग हळूहळू निवळलं.

निनादने बाहीने डोळे पुसले, हेल्मेट उचललं, बुवांना वाकून नमस्कार केला.  अनुष्ठानाचं तर नाव काढायचीही लाज वाटली. तो तसाच उभा राहिला.

बुवांनी वर पाहिलं.

"तुमच्या घरी नाश्ता किती वाजता असतो?"