कुलूपबंद नाताळ

फार पूर्वी, केळीच्या बागांत दडलेल्या एका गावात एक माळी राहत होता. माणूस मेहनती, मनाचा चांगला, पण गोंगाटाचं त्याला भारी वावडं. आणि नाताळात तर गावाला नुसता ऊत यायचा. ओट्यावर ढोल, अंगणात पोरं, स्वयंपाकघरात बायकांचं हसणं. बिचारा माळी कानांत कापूस घालून केळींच्या आड जाऊन बसायचा.

एका वर्षी तो बायकोला म्हणाला, “यंदाचा नाताळ आपल्या तिघांचाच. अगदी शांत.”

“मग गावाला तसं सांगा.”

“छे! लोकांना वाईट वाटेल. आपण तुझ्या माहेरी चाललोय, असं सांगू.”

म्हणजे खरं सांगून कोणाचं मन दुखवायचं नाही, त्यापेक्षा सगळ्यांना सरसकट फसवायचं. फार हळव्या माणसांना अशा कल्पना सुचतात.

ठरल्याप्रमाणे माळी, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी गाठोडी घेऊन निघाली. पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप लावलं. वेशीपर्यंत हात हलवत गेली आणि बागेतून वळसा घालून मागच्या दाराने घरात शिरली.

आता घरात शांतता आली, पण ती राखता राखता तिघांच्या नाकी नऊ आले. बोलायचं ते कुजबुजून. शिंक आली की तोंड उशीत. भांडं पडलं की तिघंही जागच्या जागी पुतळे. त्यात बायकोने करंज्या तळायला घेतल्या, कारण करंज्यांशिवाय नाताळ तिला पटेना. माळ्याने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. आत धूर कोंडला, पण वास मात्र कौलांतून निवांत बाहेर पडला.

शेजारची आजी रोज सकाळी येऊन त्यांच्या कोंबड्यांना दाणे टाकायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं, पण ती यायची. ओट्यावर बसून कोंबड्यांशी गप्पा मारायची. माळी दाराआड श्वास रोखून उभा.

चोवीस तारखेला आजी कोंबड्यांना म्हणाली, “आज दिवेलागणीला गोठ्यात बाळ ठेवायचं गं बायांनो. आणि बाळ तर ह्या घरात!”

माळ्याने आवाज न करता कपाळावर हात मारला. गावाच्या क्रुसापाशी दरवर्षी पेंढ्याचा गोठा उभारत. त्यातली बाळ येशूची मूर्ती वर्षभर एकेका घरी असे, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या घराने ती आणून गव्हाणीत ठेवायची. यंदाचं घर माळ्याचं. इतक्या हुशारीत तो नेमकं हेच विसरला होता. मूर्ती फडताळात, तुरीच्या डब्यामागे होती.

“बाबा,” मुलगी कुजबुजली, “आपण घरी नाही, पण बाळ तर घरी आहे ना?”

मूर्ती न्यावी तर खोटं उघडं पडणार. न न्यावी तर गावाची गव्हाण रिकामी राहणार.

संध्याकाळ झाली. बाहेर पावलं वाजली. माळ्याने फटीतून पाहिलं, तर सगळं गाव गोठाच उचलून घेऊन आलं होतं. पेंढा, मेंढ्या, कागदाची चांदणी, सगळं त्याच्या ओट्यावर मांडलं. मधोमध रिकामी गव्हाण. मग लोक गाणी म्हणू लागले. ढोल नाही, टाळ्या नाहीत. कोणाचा आवाज चढला की आजी ओठांवर बोट ठेवायची.

माळ्याला आधी बरं वाटलं. मग तो चपापला. रिकाम्या घरापुढे कोणी हळू आवाजात गातं का?

त्याचा चेहरा उतरला. तरी लाज वाचवायची एक वाट होती. खांद्यावर गाठोडं टाकून बागेतून यायचं आणि म्हणायचं, आत्ताच पोचलो. त्याने गाठोडं उचललंही. मग मुलीकडे पाहिलं. तिने मूर्ती पदरासारख्या धरलेल्या झग्यात घेतली होती आणि मागच्या दाराशी जाऊन उभी होती. माळ्याने गाठोडं खाली ठेवलं.

तिघं घराला वळसा घालून पुढे आली. माळी मान खाली घालून म्हणाला, “आम्ही कुठेच गेलो नव्हतो.”

“ठाऊक आहे रे,” आजी म्हणाली. “पहिल्याच दिवशी करंज्या तळल्यात ना! म्हटलं, पोराला निवांतपणा हवाय, तर मिळू दे. नुसतं सांगितलं असतंस तर कोंबड्यांशी बोलून माझा घसा बसला नसता.”

माळ्याचे डोळे भरून आले. मुलीने बाळाला गव्हाणीत ठेवलं आणि मग जो काही ढोल वाजला! कुलपाची किल्ली कुठे सापडेना, म्हणून करंज्या खिडकीतून वाटाव्या लागल्या.

पुढच्या वर्षी माळ्याने गावाला सरळ सांगितलं, “मला आठवडाभर शांतता हवी.” गावाने ती आनंदाने दिली. तिसऱ्या दिवशी माळी आजीच्या दारात उभा होता. “आजी, कोणीच कसं येत नाही गं?”

तात्पर्य: शांतता हवी असेल तर आपल्या माणसांकडे मोकळेपणाने मागावी; खोटं कुलूप लावलं तर आत आपणच अडकतो.